खंड्या, तार आणि सहाशेची लेन्स

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाण्यावर खंड्याच्या तीन जाती नेहमी दिसतात. पहिला पांढऱ्या छातीचा खंड्या. चॉकलेटी डोके, निळी पाठ, लालभडक चोच, लांबी २८ सेंटिमीटरच्या आसपास आणि आवाज त्या मानाने फारच मोठा. मासेमारी हा त्याचा जोडधंदा आहे. मुख्य आहार नाकतोडे, सरडे, बेडूक, खेकडे आणि प्रसंगी उंदराचे पिल्लू. त्यामुळे तो पाण्यापासून चांगला लांब, अगदी कॉलनीतल्या विजेच्या तारेवरही बसलेला आढळतो आणि पाहणारा जवळपास तळे शोधत राहतो. पश्चिम बंगालने याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. महाराष्ट्राने तो मान हरियालाला दिला. इकडच्या खंड्याला कोणताही शासकीय दर्जा नाही आणि त्याबद्दल तो सकाळपासून तारेवर बसून तक्रार करत असतो.

दुसरा छोटा खंड्या. हा चिमणीपेक्षा थोडासा मोठा, वर निळा, खाली नारिंगी. लोकांच्या डोळ्यांसमोर 'खंड्या' म्हणून जे चित्र असते ते याचे. नर-मादी ओळखायची खूण सोपी आहे: नराची चोच पूर्ण काळी, मादीच्या चोचीचा खालचा भाग लालसर. ही खूण पक्षीनिरीक्षणाच्या सहलीत सांगितली की 'लिपस्टिक'चा विनोद होतोच; तो करणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्यालाच प्रथम सुचला असे वाटते. याच्या अंगावरचा नारिंगी रंग रंगद्रव्याचा आहे, पण निळा मात्र नाही. पिसांच्या आत अतिसूक्ष्म सच्छिद्र रचना असते. तिच्यावर आदळून प्रकाशातला निळा भाग तेवढा परत येतो. पिसाची पूड केली तर निळा उरत नाही. म्हणूनच ढगाळ सकाळी हा पक्षी मळकट दिसतो आणि उन्हाचा एक कवडसा पडला की पाठीवर दिवा लागतो. फोटोत निळा आला नाही म्हणून कॅमेऱ्याच्या कंपनीला दोष देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

तिसरा बंड्या, म्हणजे कवड्या खंड्या. पूर्ण काळापांढरा. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या छातीवर एक, तोही मधे तुटलेला. तारेवर किंवा खुंटावर बसून राहणे याला पटत नाही. पाण्यावर दहा-पंधरा फूट उंचीवर पंख फडफडवत तो एकाच जागी तरंगतो, चोच खाली रोखतो आणि मासा दिसला की सूर मारतो. लहान मासा असेल तर गिळण्यासाठी काठावर यायचीही त्याला गरज पडत नाही. त्यामुळे मोठ्या उघड्या जलाशयात, जिथे बसायला काही नाही तिथेही त्याचे भागते.

चौथी जात तिबोटी खंड्याची. ती इथली नव्हे, कोकणातली, आणि ही अनुपस्थिती छायाचित्रकारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावर वीण करणारा, जांभळ्या-पिवळ्या-केशरी रंगांचा हा इवला पक्षी टिपण्यासाठी मराठवाड्यातून जूनमध्ये गाड्या घाट उतरतात. शेकडो किलोमीटर जायचे, चिखलात बसायचे, जळवा लावून घ्यायच्या. आपल्या सोसायटीच्या तारेवर बसलेल्या खंड्याकडे मात्र त्या गाडीत सामान भरताना कोणी मान वर करून पाहत नाही.

खंड्या कुठे सापडतो, या प्रश्नाचे उत्तर पाण्याबरोबर बदलते. जिल्ह्यातले सगळ्यांत मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. गोदावरीवरच्या या धरणाची पायाभरणी १९६५मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. धरणाची भिंत सुमारे १० किलोमीटर, दरवाजे २७. जलाशयाचा परिसर १९८६मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. थंडीत इथे रोहित येतात, बदके येतात, क्रौंच येतात आणि त्यांच्यामागून छायाचित्रकार येतात. बारमाही राहणाऱ्या खंड्याची अवस्था अशा वेळी लग्नघरातल्या घरच्या माणसासारखी होते: सगळी धावपळ त्याच्या समोरून होते आणि फोटोत तो कुठेच नसतो.

याच धरणातून शहराला पाणी येते. ते सुमारे ४५ किलोमीटर जलवाहिनीतून प्रवास करून काही दिवसांआड नळाला पोचते. शहराभोवतीच्या औद्योगिक वसाहतींनाही तेच पाणी, आणि त्या वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत. २०१६च्या दुष्काळात मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता. ही पार्श्वभूमी असल्यामुळे शहरात अनोळखी माणसाला 'किंगफिशर कुठे मिळेल?' असे विचारू नये. पत्ता तत्परतेने आणि अचूक मिळतो, सोबत 'थंड मागा' असा सल्लाही मिळतो, पण तो पत्ता तळ्याचा नसतो. 'खंड्या' म्हणावे. तेवढ्यानेही भागत नाही. खंड्या या टोपणनावाचा एक तरी इसम प्रत्येक गल्लीत असतो.

धरणापेक्षा कालवे जास्त कामाचे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर. कालव्याला पाणी सुटलेले असते तेव्हा काठावरच्या तारा, गेटचे लोखंडी चाक, उपसा करणाऱ्या मोटारींचे पाइप अशी बसण्याची भरपूर सोय असते. पाणी बंद झाले की खोलगट जागी डबकी उरतात, डबक्यात मासे अडकतात आणि खंड्यांची दिवाळी होते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हे दिवस उत्तम, कारण पक्षी एकाच डबक्यापुढे तास-तास बसतो. कोल्हापुरी बंधाऱ्यांचेही तेच. शेततळ्यात प्लास्टिकचा कागद असल्याने चिखल नसतो, पाणी नितळ असते. शेतकऱ्याने मत्स्यबीज सोडले की खंड्याला ते कळायला कोणतीही जाहिरात लागत नाही. जुन्या विहिरींचाही उल्लेख करायला हवा. पांढऱ्या छातीचा खंड्या न बांधलेल्या विहिरीच्या मातीच्या भिंतीत बीळ करून घरटे करतो. असे घरटे पाहायला विहिरीत वाकणाऱ्याला गावकरी आधी मागे ओढतात आणि मग चौकशी करतात.

शहरात दिल्ली गेटजवळचे सलीम अली सरोवर आहे, उत्तरेला हर्सूल तलाव आहे आणि मधून खाम नदी वाहते. खाम ही नदी की नाला, यावर शहरात बरीच वर्षे दोन मते होती. अलीकडे तिच्या काठांच्या पुनरुज्जीवनाचे काम झाल्याने पहिले मत बळावले आहे. खंड्याचे मत कोणी विचारले नव्हते; पांढऱ्या छातीचा खंड्या दोन्ही काळात तिथेच होता. नदीकाठच्या पाणचक्कीच्या हौदात मासे आहेत, पण ते खंड्यापेक्षा वजनदार असल्याने त्या बाजूने कोणताही धोका नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात खापरी नळ घालून या शहराला पाणी दिले. तेव्हापासून गावाची नावे बदलत गेली, पक्ष्याच्या पत्त्यात फरक पडलेला नाही.

हंगामाबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात पाणी गढूळ, खंड्याला मासा दिसत नाही आणि छायाचित्रकाराला खंड्या. नाशिक-नगरकडे पाऊस झाला तर नाथसागर भरतो, काठ बुडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे: पाणी निवळलेले, सकाळ सात ते नऊचे ऊन तिरपे. राज्य शासनाचा पक्षी सप्ताहही याच सुमारास, ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. या आठवड्यात तळ्यावर दुर्बिणींची संख्या पक्ष्यांच्या संख्येच्या जवळ जाते.

आता साधने. पक्षी लहान, अंतर मोठे, त्यामुळे लेन्स सहाशे मिलिमीटरपर्यंतची लागते. ती घेण्यापूर्वी घरात जी चर्चा होते तिचा तपशील छायाचित्रणाच्या पुस्तकांत दिलेला नसतो. लेन्सची खरी किंमत घरात कोणालाच माहीत नसते. प्रत्येक छायाचित्रकाराकडे ती 'मित्राची, सेकंडहँड, स्वस्तात मिळालेली' असते. तिच्याखाली ट्रायपॉड लागतो किंवा गाडीच्या खिडकीवर ठेवायला बीनबॅग. बीनबॅग रिकामी विकत मिळते आणि घरच्या धान्याने भरायची असते. मराठवाड्यात ती ज्वारीने भरतात, आणि वर्षभराने उघडली की ज्वारीपेक्षा किडे जास्त निघतात. मग अंगावर जंगलछाप कपडे. हे कपडे हिरव्यागार रानासाठी बेतलेले आहेत. फेब्रुवारीतल्या पैठण तालुक्यात, पिवळ्या गवताच्या आणि काळ्या ढेकळांच्या माळावर, हिरव्या ठिपक्यांचा माणूस दोन किलोमीटरवरून ओळखू येतो. खंड्याला तर त्याआधीच.

ट्रायपॉडचा एक स्थानिक परिणाम नोंदवायला हवा. कालव्याच्या काठावर तिपाई उभी राहिली आणि तिच्यावरच्या नळीला माणसाने डोळा लावला की तो मोजणीवाला समजला जातो. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेल्यापासून तर खात्रीच. पंधरा मिनिटांत दोन मोटारसायकली येतात. "काय साहेब, कोन्ता रस्ता काढायलेत?" हा पहिला प्रश्न. रस्ता नाही, पक्ष्याचा फोटो काढतोय, हे उत्तर कोणालाही पटत नाही. एवढे मोठे यंत्र एवढ्याशा पाखरासाठी कोणी आणेल, यावर समजदार माणसाचा विश्वास बसणे अवघडच. "बरं, पण आमच्या गटातून जाणार का बाजूनं?" हा दुसरा प्रश्न, आणि तिसरा मोबदल्याचा. शेवटी कॅमेऱ्याच्या पडद्यावर खंड्या दाखवला की वातावरण निवळते. चहा येतो. आणि मग कळते की असले दोन आमच्या विहिरीवर रोज बसतात, फोटो काढायचाच होता तर आधीच विचारायचे होते. शहरातल्या तळ्याकाठी याच तिपाईचा अर्थ प्री-वेडिंग असा घेतला जातो आणि नवरा-नवरी कुठे आहेत अशी चौकशी होते.

या विषयातला मध्यवर्ती पेच तारेचा आहे. खंड्याला बसायला उंच, मोकळी, पाण्यावर झुकलेली जागा हवी असते. माणसाने अशा जागा जागोजाग तयार करून ठेवल्या आहेत: विजेच्या तारा, खांब, पंपाचे पाइप, जाळ्यांसाठी ठोकलेले खुंट, धक्क्याला बांधलेले दोर. खंड्या त्या निःसंकोचपणे वापरतो. छायाचित्रकाराला मात्र तो शेवाळलेल्या, किंचित वाकड्या, एकाकी फांदीवर हवा असतो. मागे सगळे हिरवे आणि धूसर. या फांदीला 'क्लीन पर्च' म्हणतात. तारेवरचा फोटो छायाचित्रकारांच्या समूहावर टाकला तर 'नाइस रेकॉर्ड शॉट' अशी प्रतिक्रिया येते. हा अपमान आहे, पण सभ्य भाषेतला. त्यामुळे खंड्या अर्ध्या मिनिटात सापडतो, आणि तो तारेवरून उठून फांदीवर बसण्याची वाट पाहण्यात सकाळ जाते. तो उठतोही. उठून शेजारच्या तारेवर बसतो.

काही जण पाण्यात स्वतःच फांदी रोवतात. हा प्रकार निरुपद्रवी आहे आणि बऱ्याचदा यशस्वीही होतो, कारण खंड्याला फांदी कोणी रोवली याच्याशी देणेघेणे नसते. अडचण एवढीच की एक जागा गाजली की सगळ्यांच्या फोटोत तीच फांदी दिसू लागते. जाणकार मग पक्षी न पाहता फांदी पाहून ठिकाण सांगतात.

बसलेल्या खंड्याचा फोटो सोपा: शटर पाचशेच्या आसपास असले तरी चालते, ऊन पाठीशी हवे, पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस हवा. बंड्याच्या बाबतीत हा शेवटचा नियम पाळणे कठीण जाते, कारण त्याचा काळा डोळा नेमका काळ्या पट्ट्यात असतो. काळा उजळावा तर पांढरा जळतो, पांढरा सांभाळावा तर डोळा हरवतो.

सूर मारतानाचा फोटो ही वेगळी परीक्षा आहे. पक्षी आधी मान दोन-तीनदा वर-खाली करून अंतराचा अंदाज घेतो. कित्येकदा त्याआधी तो मागे एक पांढरी पिचकारी सोडून वजन हलके करतो. अनुभवी छायाचित्रकार या पिचकारीची वाट पाहतात; एरवी ज्या गोष्टीपासून माणूस लांब सरकतो तिच्याकडे इतक्या एकाग्रतेने पाहणारा समाज दुसरा नसेल. त्यानंतर सगळे एका सेकंदाच्या आत उरकते. पाण्यात शिरताना डोळ्यांवर पारदर्शक पापणी सरकते. पाण्यामुळे मासा जिथे दिसतो तिथे नसतो, हे गणित पक्ष्याने आधीच सोडवलेले असते. छायाचित्रकाराला शटर १/३२०० किंवा त्याहून वेगवान, सेकंदाला वीस फ्रेम आणि देवाची कृपा लागते. तरीही बहुतेक फोटोंत पाण्यावरचे वलय तेवढे स्पष्ट येते. यावर नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनी एक तोडगा काढला आहे: बटण दाबण्यापूर्वीच्या अर्ध्या-एक सेकंदाच्या फ्रेमही कॅमेरा जपून ठेवतो. म्हणजे घटना घडून गेल्यावर मागील तारखेने फोटो काढता येतो. ही सोय इतकी वर्षे फक्त कचेऱ्यांत होती.

चतुर माणूस सुराच्या नादाला लागत नाही. मासा पकडल्यावर पक्षी बहुधा त्याच जागी परततो, तेव्हा फोकस आधीच तिथे लावून ठेवता येतो. मासा आला की तो आडवा धरून बसायच्या जागेवर दोन्ही बाजूंना आपटला जातो, निपचित झाल्यावर चोचीत फिरवला जातो आणि डोक्याकडून गिळला जातो, म्हणजे पर घशात अडकत नाहीत. माशाचे डोके चोचीबाहेरच्या बाजूला असेल, तर तो मासा स्वतःसाठी नाही. मादीसाठी किंवा पिल्लांसाठी आहे. विणीच्या काळात नर मादीला असा मासा भेट देतो. ती कधी घेते, कधी घेत नाही. घेतला नाही तर नर थोडा वेळ तो तसाच धरून बसतो आणि मग स्वतः खातो. हे दोन मिनिटांचे दृश्य तारेवर घडले तरी पाहण्यासारखे असते.

खंड्याचा नाद छायाचित्रकारांपुरता नाही. जपानमध्ये बुलेट ट्रेन बोगद्यातून बाहेर पडताना मोठा धडाका व्हायचा. एइजी नाकात्सू या अभियंत्याला पक्षीनिरीक्षणाचा छंद होता. खंड्या हवेतून पाण्यात फारसे पाणी न उडवता शिरतो, हे ध्यानात घेऊन गाडीचे नाक त्याच्या चोचीसारखे निमुळते केले गेले आणि १९९७मध्ये ती गाडी रुळांवर आली. मराठवाड्यातल्या रेल्वेला ही गरज भासलेली नाही. दुहेरीकरणाची वाट पाहत उभ्या असलेल्या गाडीचा आवाज होत नाही.

फोटोसाठी काय करू नये, याबद्दल मात्र विनोद बाजूला ठेवावा लागतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात. पक्षी आपल्या हद्दीत कोण घुसला म्हणून खाणे सोडून येतो. टबात जिवंत मासे ठेवून सूर मारायला लावतात. उथळ टबाच्या तळावर चोच आपटून मोडली तर उपासमारच. सर्वांत वाईट म्हणजे घरटे. साधारण मार्च ते जून खंड्या मातीच्या उभ्या दरडीत हात-दीड हात लांबीचे बीळ करतो. समोर माणूस तळ ठोकून बसला की आईबाप चोचीत मासा धरून दूर तारेवर बसून राहतात आणि आत पिल्ले ओरडत राहतात. फोटो छान येतो, मासा चोचीत असल्याने तर फारच छान. असा फोटो समूहावर आला की वाहवा करणाऱ्यांनी पक्षी तिथे किती वेळ ताटकळला हेही विचारावे.

नाथसागराकडे किंवा कालव्यावर जाणाऱ्यांनी आवाज, टब आणि घरटे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात, तारेवरचा पक्षी तारेवरच टिपावा आणि गाडीतून न उतरता बसावे. गाडी उभी करताना उसाच्या ट्रॅक्टरला वाट ठेवावी. गाळपाच्या हंगामात ते दिवसभर त्याच रस्त्याने जातात, दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावून. खंड्या त्यांना घाबरत नाही. तो उडतो तो गाडीचे दार हळूच उघडून, वाकून, जंगलछाप कपड्यांत चवड्यांवर चालत येणाऱ्या माणसाला पाहून.